वाचकांचे प्रश्न : वायूंचा दाब, आकारमान आणि तापमान

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये वायूंच्या वर्तनाविषयीचे प्रश्न इतके होते की, हा संपूर्ण भाग त्यांनाच द्यावा असे ठरवले. पत्रे रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावरून आली आहेत. लांब पत्रांतील प्रश्नाचा गाभा तेवढा येथे घेतला आहे.

प्रश्न : मी दापोली तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. बॉइलचा नियम शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले की, फुगा फुगवताना आतला दाबही वाढतो आणि आकारमानही वाढते. मग दाब वाढला की आकारमान कमी होते, हे खरे कसे? दुसऱ्या एकाने त्यावर भर घातली की, बंद डबा तापवला तर दाब वाढतो, पण आकारमान तेवढेच राहते. हे नियम परस्परविरोधी आहेत, अशी वर्गाची समजूत झाली आहे. ती कशी दूर करावी?

उत्तर : आपल्या विद्यार्थ्यांच्या दोन्ही शंका चोख आहेत. नियमांमध्ये विरोध नाही. मात्र नियम सांगताना त्यांच्या अटी बहुधा गळून पडतात आणि मग नियमाचे जे उरते ते खरोखरच खोटे असते. ठरावीक वस्तुमानाच्या वायूचे तापमान बदलू दिले नाही, तर त्याचा दाब आणि आकारमान यांचा गुणाकार तोच राहतो, हा बॉइलचा पूर्ण नियम आहे. यात वायूचे वस्तुमान ठरावीक असणे ही पहिली अट आहे आणि तापमान न बदलणे ही दुसरी. फुगा फुगवताना आपण प्रत्येक फुंकरीबरोबर आत नवी हवा घालतो, म्हणजे पहिली अट मोडतो. डबा तापवताना दुसरी अट मोडतो. अटीच मोडल्यावर त्या ठिकाणी बॉइलचा नियम काहीही सांगत नाही, त्यामुळे तो खोटा ठरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

वायूचे वर्णन करणाऱ्या राशी चार आहेत : दाब, आकारमान, तापमान आणि वायूचे प्रमाण, म्हणजेच रेणूंची संख्या. पाठ्यपुस्तकातला प्रत्येक नियम यांपैकी दोन राशी स्थिर धरतो आणि उरलेल्या दोहोंचा संबंध सांगतो. हे तुकडे वेगवेगळे दिसण्याचे कारण ऐतिहासिक आहे. रॉबर्ट बॉइल यांनी आपला निष्कर्ष १६६२ मध्ये प्रसिद्ध केला. आखूड टोक बंद असलेल्या वाकड्या काचनळीत ते लांब टोकाकडून पारा ओतत गेले. दोन्ही बाजूंच्या पाऱ्याच्या पातळीत वातावरणाच्या दाबाइतका, म्हणजे सुमारे ७६० मिलिमीटरचा फरक पडला, तेव्हा कोंडलेली हवा निम्म्या जागेत मावली होती. झाक चार्ल्स यांनी तापमान आणि आकारमान यांच्या संबंधावर १७८७ च्या सुमारास प्रयोग केले, पण ते छापले नाहीत. १८०२ मध्ये गे-ल्युसॅक यांनी स्वतःचे काम प्रसिद्ध करताना चार्ल्स यांच्या त्या प्रयोगांची नोंद केली, म्हणून तो नियम आज चार्ल्सच्या नावाने ओळखला जातो. समान दाबाच्या आणि समान तापमानाच्या वायूंच्या समान आकारमानांत रेणूंची संख्याही समान असते, ही कल्पना ॲव्होगाड्रो यांनी १८११ मध्ये मांडली. हे धागे एका समीकरणात गुंफण्याचे काम क्लॅपेरॉन यांनी १८३४ मध्ये केले. बॉइलपासून येथवर यायला पावणेदोनशे वर्षांच्या जवळपास काळ लागला. आपण मात्र ते सर्व त्याच क्रमाने, तुकड्यातुकड्याने आठवडाभरात शिकवतो. माझ्या मते नावे पाठ करून घेण्याआधी एकच वाक्य फळ्यावर लिहावे : दाब आणि आकारमान यांच्या गुणाकाराला केवल तापमानाने, म्हणजे उणे २७३.१५ अंश सेल्सिअस या खऱ्या शून्यापासून मोजलेल्या तापमानाने, भागले, तर येणारी संख्या केवळ वायूच्या प्रमाणावर अवलंबून असते. मग प्रत्येक उदाहरणात मुलांना पहिला प्रश्न विचारावा की, येथे स्थिर काय राहिले आहे?

या वाक्यामागचे कारण रेणूंच्या हालचालीत आहे. साधारण २७ अंश सेल्सिअस तापमानाला हवेतील नायट्रोजनचे रेणू सरासरी सेकंदाला सुमारे पावणेपाचशे मीटर वेगाने धावत असतात आणि भांड्याच्या भिंतींवर सतत आदळतात. या असंख्य आघातांचा एकत्रित परिणाम म्हणजे दाब. तापमान न बदलता जागा निम्मी केली, तर रेणूंचा वेग तोच राहतो, पण भिंतीवरचे आघात दुप्पट होतात. जागा तेवढीच ठेवून वायू तापवला, तर रेणूंचा वेग वाढतो, त्यामुळे आघात अधिक जोरदार होतात आणि त्यांची संख्याही वाढते. रेणूच जास्त भरले, तर आघात करणारेच वाढतात. फुग्यात ही शेवटची गोष्ट घडते. रबर ताणले जाऊ शकत असल्यामुळे आतला दाब हा बाहेरचा दाब आणि रबराचा ताण यांच्या बेरजेइतका होईपर्यंत फुगा मोठा होत जातो. प्रत्यक्षात आतला दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम काही टक्क्यांनीच जास्त असतो. शिवाय साध्या रबरी फुग्यात हा जादा दाब सुरुवातीला, म्हणजे फुगा लहान असताना सर्वाधिक असतो आणि फुगा मोठा होऊ लागला की कमी होतो. पहिल्या एकदोन फुंकरींना गाल दुखतात आणि पुढे काम सोपे होते, ते यामुळेच. म्हणजे फुगा फुगवताना दाब सतत वाढत जातो, हे गृहीतकही तपासून पाहण्यासारखे आहे.

वर्गात दाखवण्यासाठी सुई नसलेली २० मिलिलिटरची सिरिंज पुरते. दट्ट्या २० वर ठेवून तोंड बोटाने घट्ट बंद करावे आणि दट्ट्या सावकाश १० पर्यंत दाबावा. आतला दाब जवळपास दुप्पट झालेला असतो आणि बोटाला तो जाणवतो. सावकाश दाबणे महत्त्वाचे आहे, कारण वायू झटकन दाबला तर तो तापतो. सायकलच्या पंपाचे टोक गरम होते, त्यात घर्षणाचा वाटा असला तरी मुख्य कारण हवेचे झटपट दाबले जाणे हेच आहे. सिरिंजमधली हवा तापली तर दुसरी अट मोडली जाते आणि दाब दुपटीपेक्षा थोडा जास्त येतो. हात थोडा वेळ तसाच ठेवला की उष्णता बाहेर जाऊन तो दुपटीवर उतरतो. शेवटी दट्ट्या सोडल्यावर तो थेट २० वर परत येत नाही, अलीकडेच थांबतो, याचे कारण मात्र रबराचे घर्षण आहे.

प्रश्न : रत्नागिरीहून वाशीला आंब्याच्या पेट्या नेताना मी पहाटे टायरमध्ये ३० पौंड हवा ठेवली होती. दुपारी पंपावर तपासली तर काटा ३५ वर गेला. तिथल्या मुलाने पाच पौंड हवा काढायला सांगितली. माझा मुलगा बारावीला आहे. त्याचे म्हणणे असे की, टायर २७ अंशांवरून ६० अंशांवर गेला असेल, तर दाब दुपटीहून जास्त व्हायला हवा होता. कोणाचे खरे?

उत्तर : दोघांचेही नाही. आपल्या मुलाने नियम बरोबर निवडला, कारण टायरमधील हवा तेवढीच राहिली आणि आकारमानही फारसे बदलले नाही. अशा वेळी दाब तापमानाच्या सम प्रमाणात असतो. पण हे प्रमाण खऱ्या शून्यापासून मोजावे लागते. तापमानाचे खरे शून्य उणे २७३.१५ अंश सेल्सिअसला आहे, म्हणून २७ अंश म्हणजे ३०० केल्विन आणि ६० अंश म्हणजे ३३३ केल्विन. वाढ फक्त ११ टक्क्यांची आहे. दाबाच्या काट्यातही अशीच एक मेख आहे. काटा शून्य दाखवतो तेव्हा टायरमध्ये वातावरणाइतकी, म्हणजे १४.७ पौंड दाबाची हवा असतेच. त्यामुळे ३० या आकड्यामागे खरा दाब ४४.७ पौंडांचा आहे. तो ११ टक्क्यांनी वाढून ४९.६ होतो आणि त्यातून १४.७ वजा केले की काट्यावर जवळजवळ ३५ दिसतात. आपल्या गाडीने नियमाला धरूनच वर्तन केले आहे.

हवा काढू नये. तापलेल्या टायरमधून ती काढून काटा ३० वर आणला, तर तोच टायर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपंचवीसच्या आसपास दाखवेल. कमी हवेचा टायर रस्त्यावर जास्त दबतो, जास्त तापतो आणि घाटात भरलेल्या गाडीला तेच घातक ठरते. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि तो गृहीत धरतानाच ही वाढ हिशेबात घेतलेली असते. जाता जाता एक गोष्ट : नायट्रोजन भरला की उन्हात दाब वाढत नाही, असे काही ठिकाणी सांगून पैसे घेतले जातात. हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन असतो आणि तो याच नियमाने तापतो. तो कोरडा असतो आणि रबरातून किंचित सावकाश झिरपतो, एवढाच त्याचा फायदा.

प्रश्न : मी मालवणचा असून तारकर्लीला स्कूबाचे प्रशिक्षण घेत आहे. वर येताना श्वास कधीही रोखून धरू नका, असे आम्हाला वारंवार बजावले जाते. पण किल्ल्याजवळ सूर मारून तळाला जाणारी आमच्याकडची मुले श्वास रोखूनच वर येतात आणि त्यांना काही होत नाही. फरक काय? तसेच खोल गेल्यावर टाकी लवकर का संपते? आणि वडील गळाने खोलवरचा गोब्रा ओढतात तेव्हा त्याचे पोट तोंडातून बाहेर आलेले असते, त्याचाही याच्याशी संबंध आहे का?

उत्तर : तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे आणि या ठिकाणी बॉइलचा नियम जवळजवळ शुद्ध स्वरूपात लागू होतो, कारण फुप्फुसातील हवेचे तापमान शरीर स्वतःच स्थिर ठेवते.

समुद्राच्या पाण्यात दर १० मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर तो एक, १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन आणि ३० मीटरवर चार. सूर मारणारा मुलगा पृष्ठभागावर छाती भरून घेतो. सहा लिटर हवा घेतली असेल, तर १० मीटरवर ती तीन लिटर होते आणि वर आल्यावर पुन्हा सहा; मूळ आकारमानापेक्षा ती कधीही जास्त होत नाही. स्कूबा करणाऱ्याचे तसे नाही. टाकीला जोडलेला रेग्युलेटर त्याला त्या त्या खोलीच्या दाबाचीच हवा देतो, म्हणून १० मीटरवर त्याची फुप्फुसे दोन वातावरण दाबाच्या सहा लिटर हवेने भरलेली असतात. ती कोंडून तो वर आला, तर पृष्ठभागावर त्याच हवेला बारा लिटर जागा हवी असते आणि छातीत तेवढी जागा नसते. फुप्फुसाच्या नाजूक पिशव्या फाटतात आणि हवेचे बुडबुडे रक्तात शिरू शकतात.

प्रशिक्षणात एक गोष्ट अधिक ठासून सांगायला हवी, ती अशी की, धोका खोलीबरोबर एकसारखा वाढत नाही. ३० मीटरवर घेतलेली सहा लिटर हवा २० मीटरवर आठ लिटर होते, १० मीटरवर बारा आणि पृष्ठभागावर चोवीस. म्हणजे पहिल्या दहा मीटरच्या चढणीत ती एकतृतीयांशाने वाढते, तर शेवटच्या दहा मीटरमध्ये दुप्पट होते. पर्यटकांना ज्या उथळ पाण्यात नेले जाते आणि जेथे मनुष्य निर्धास्त असतो, तेथेच आकारमान सर्वांत वेगाने बदलते. अगदी दीड-दोन मीटरवरून श्वास रोखून वर आल्यामुळे इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. त्यामुळे पाणी कमरेहून थोडेच वर आहे, म्हणून पर्यटकाला सूचना न देणे हा निष्काळजीपणा आहे.

टाकीचा हिशेब सोपा आहे. बारा लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने (एक बार म्हणजे जवळपास एका वातावरणाचा दाब) हवा भरली, तर ती वातावरणाच्या दाबाला सुमारे २४०० लिटर होते. शेवटचे ५० बार राखून ठेवायचे म्हटले, तर वापरायला १८०० लिटर मिळतात. मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला ती पृष्ठभागावर दीड तास पुरेल. १० मीटरवर प्रत्येक श्वासात दुप्पट रेणू जातात, म्हणून पाऊण तास आणि २० मीटरवर अर्धाच तास. दाबाखाली रक्तात विरघळणाऱ्या नायट्रोजनचा आणि त्यासाठी वर येताना घ्यावयाच्या थांब्यांचा विषय मात्र वेगळा आहे. तो विद्राव्यतेच्या नियमाखाली येतो, बॉइलच्या नव्हे.

गोब्र्याच्या पोटात वायूने भरलेली पिशवी असते आणि तिच्या साहाय्याने तो पाण्यात एका पातळीवर तरंगत राहतो. घोळ माशाच्या ज्या भोताला मोठी किंमत येते, ती हीच पिशवी. ४० मीटरवरून मासा भराभर ओढला, तर तिच्यातील वायू पाचपट फुगू पाहतो. तो पटकन बाहेर जाण्याची सोय या माशांत नसते, म्हणून फुगलेली पिशवी पोटाला तोंडातून बाहेर ढकलते आणि डोळेही बटबटीत दिसतात. मुशीला आणि सुरमईला अशी पिशवीच नसते. त्या कितीही खोलवरून ओढल्या तरी हा प्रकार त्यांच्यात दिसणार नाही, हे वडिलांना विचारून पडताळता येईल.

प्रश्न : वेंगुर्ल्याहून आंबोलीला सहलीला जाताना वेफर्सची पाकिटे टम्म फुगली. ती खराब झाली होती का?

उत्तर : नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा साधारण आठ टक्क्यांनी कमी असतो. पाकिटात भरलेला नायट्रोजन तेवढाच राहतो, बाहेरचा दाब घटतो, म्हणून तो पसरतो. तेथील गारव्यामुळे आकारमान एकदोन टक्क्यांनी कमीही होते, पण दाबाच्या परिणामापुढे ते दिसत नाही. घाट उतरल्यावरही पाकीट फुगलेलेच राहिले, तर मात्र शंका घ्यावी.

प्रश्न : निसर्ग चक्रीवादळात आमच्या श्रीवर्धनच्या घराचे पत्रे उडाले. बाहेरचा दाब एकदम उतरल्यामुळे आतल्या हवेने छप्पर उचलले, म्हणून वादळात खिडक्या उघड्या ठेवाव्यात, असे गावात सांगतात. ते योग्य आहे का?

उत्तर : अजिबात नाही, आणि असा सल्ला पुढच्या वादळात नुकसान वाढवील. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा त्याच्या केंद्रातील दाब ९८४ हेक्टोपास्कलच्या आसपास होता. त्या हंगामात किनाऱ्यावर तो साधारण १००५ च्या आगेमागे असतो. फरक सुमारे दोन टक्क्यांचा. घर जर हवाबंद पेटी असते, तर या फरकाने छपरावर दर चौरस मीटरला दोनशे किलोग्रॅम वजनाइतका जोर वरच्या दिशेने आला असता आणि गावातले म्हणणे खरे ठरले असते. पण येथेही वायूचे प्रमाण स्थिर राहत नाही. दोनशे घनमीटर हवेच्या घरातून दाब समान होण्यासाठी केवळ चार घनमीटर हवा बाहेर जायची असते आणि वादळ जवळ येण्याच्या काही तासांत ती वाशांच्या, कौलांच्या आणि दारांच्या फटींतून कोणाच्याही नकळत निघून जाते.

पत्रे उडतात ते वाऱ्याने. ताशी ११० किलोमीटरचा वारा अडला, तर तो दर चौरस मीटरला सुमारे ५५ किलोग्रॅम वजनाइतका दाब देतो, आणि छपराच्या कडेवरून व पाठीवरून वाहताना त्याच मापाचे ओढणारे बल वरच्या बाजूस निर्माण करतो. पत्र्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला फार तर पाच-सहा किलो असते. वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडी असेल, तर आत शिरलेला वारा छपराला खालूनही ढकलतो आणि वरची ओढ व खालचा रेटा यांची बेरीज होते. खिडक्या-दारे बंदच ठेवावीत आणि पत्र्यांचे हूक, पट्ट्या पावसाळ्याआधी तपासून घ्याव्यात.

प्रश्न : मे महिन्यात अलिबागला हवा जड होते. बाष्पामुळे हवेचे वजन नेमके किती वाढते?

उत्तर : वाढत नाही, घटते. ॲव्होगाड्रोच्या नियमाप्रमाणे ठरावीक दाबाच्या आणि तापमानाच्या एक घनमीटर हवेत रेणूंची संख्या ठरलेली असते. बाष्पाचा प्रत्येक रेणू नायट्रोजनच्या किंवा ऑक्सिजनच्या एका रेणूची जागा घेतो. नायट्रोजनच्या रेणूचे वस्तुमान २८ एकके, ऑक्सिजनचे ३२ आणि पाण्याचे केवळ १८. म्हणून दमट हवा त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. ३० अंश तापमान आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना दर शंभर रेणूंत साधारण साडेतीन रेणू पाण्याचे असतात आणि हवेची घनता सुमारे सव्वा टक्क्याने कमी होते. छत्तीस घनमीटरच्या खोलीत कोरडी हवा ४२ किलोग्रॅम भरते. अलिबागची दमट हवा त्याहून अर्धा किलोने कमी भरेल. आपल्याला जो जडपणा जाणवतो तो घामाचा आहे : हवेत आधीच बाष्प असल्यामुळे घाम वाळत नाही आणि शरीराची उष्णता बाहेर पडत नाही.

प्रश्न : मी देवगडच्या महाविद्यालयात शिकते. उणे २७३ अंशांना वायूचे आकारमान शून्य होते, म्हणजे वायू नाहीसा होतो का? हेलियम हा आदर्श वायू आहे आणि त्याचा शोध आमच्या विजयदुर्गावर लागला, हे बरोबर आहे का?

उत्तर : दाब स्थिर ठेवून तापमान एक अंशाने वाढवले की वायू शून्य अंशाला असलेल्या आकारमानाच्या सुमारे २७३ व्या भागाने पसरतो. ही आलेखावरची सरळ रेषा मागे वाढवत नेली, तर ती उणे २७३.१५ अंशांना अक्षाला छेदते. परंतु कोणताही खरा वायू त्या रेषेवरून शेवटपर्यंत जात नाही. वातावरणाच्या दाबाला अमोनिया उणे ३३ अंशांना, ऑक्सिजन उणे १८३ ला, नायट्रोजन उणे १९६ ला आणि हायड्रोजन उणे २५३ ला द्रव होतो. रेणूंना स्वतःचे आकारमान असते आणि ते एकमेकांना किंचित आकर्षितही करतात. या दोन्ही गोष्टी समीकरणात घेण्याचे काम व्हॅन डेर वाल्स यांनी १८७३ मध्ये केले. आदर्श वायू, म्हणजे हे नियम तंतोतंत पाळणारा वायू, ही कल्पना आहे. हेलियम तिच्या सर्वांत जवळ जातो, कारण त्याच्या अणूंमधील आकर्षण अत्यंत क्षीण आहे. तोही उणे २६९ अंशांना द्रव होतो. कामरलिंग ओन्स यांनी १९०८ मध्ये लायडन येथे तो प्रथम द्रवरूपात मिळवला.

विजयदुर्गाविषयी आपल्याकडे सांगितले जाते त्यात दोन ग्रहणांची सरमिसळ झालेली आहे. सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातील हेलियमची, तेव्हा अनोळखी असलेली पिवळी रेषा १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी भारतातून पाहिली गेली; फ्रेंच शास्त्रज्ञ झान्सेन तेव्हा गुंटूरला होते. नॉर्मन लॉकयर यांनी तिचा अभ्यास त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून, ग्रहणाशिवाय केला. लॉकयर विजयदुर्गाला आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि त्याआधीच, १८९५ मध्ये, रॅम्झी यांनी पृथ्वीवरील खनिजातून हेलियम वेगळा केला होता. गडाचे खगोलशास्त्रीय महत्त्व १८९८ च्या मोहिमेवरच भक्कम उभे राहते. त्यासाठी शोधाचा दावा करण्याची गरज नाही.

प्रश्न : गुहागरहून लिहीत आहे. स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीला दाबाचे मीटर लावले, तर किती गॅस उरला ते कळेल का? पावसाळ्यात आच मंद झाली की शेजारी टाकी आडवी करतात किंवा गरम पाण्यात उभी करतात. त्याने उरलेला गॅस खरेच मिळतो का?

उत्तर : मीटरचा उपयोग होणार नाही. टाकीत प्रामुख्याने वायू नसून प्रोपेन आणि ब्युटेन यांचा द्रव असतो व वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ असते. आपण वाफ वापरतो, तेवढाच द्रव उकळून ती जागा भरून काढतो. येथे आतल्या वाफेचे प्रमाण स्थिर नसल्यामुळे या सदरात वर वापरलेला हिशेब लागू होत नाही. दाब उरलेल्या द्रवाच्या वजनावर नव्हे, तर त्याच्या तापमानावर आणि मिश्रणावर ठरतो. ३० अंशांना शुद्ध ब्युटेनचा दाब सुमारे पावणेतीन बार आणि शुद्ध प्रोपेनचा जवळपास अकरा बार असतो. आपल्या मिश्रणाचा या दोहोंच्या दरम्यान कोठेतरी. प्रोपेन आधी उडून जात असल्यामुळे तो हळूहळू थोडा उतरतो, पण टाकी निम्मी झाली म्हणून निम्मा होत नाही. द्रवाचा शेवटचा थेंब संपल्यावरच दाब वायूच्या नियमाने झपाट्याने घसरू लागतो. ३३.३ लिटरच्या टाकीत त्या वेळी पाव किलोच्या आसपास वाफ उरलेली असते, म्हणजे मीटर काही सांगू लागेल तेव्हा फार तर एखाद्या दिवसाचा स्वयंपाक शिल्लक असेल.

टाकी आडवी केली, तर झडपेशी वाफेऐवजी द्रव येतो. तो नळीत उतरून तेथे फुगला की शेगडीवर मोठा भडका उडू शकतो. टाकी तापवणे त्याहून वाईट आहे. भरलेल्या टाकीत द्रव साधारण चारपंचमांश जागा व्यापतो आणि उरलेली जागा त्याच्या प्रसरणासाठी मुद्दाम ठेवलेली असते. ती संपली, तर जवळजवळ दाबता न येणारा द्रव थेट पोलादावर जोर देतो. शिवाय रेग्युलेटरनंतर शेगडीला लागणारा दाब वातावरणापेक्षा केवळ ३० मिलिबारने जास्त असतो, आणि कोकणातल्या पावसाळी हवेतही टाकीतला दाब त्याच्या कितीतरी पट असतो. टाकीत द्रव असूनही आच मंद असेल, तर दोष बर्नरच्या छिद्रांत, नळीत किंवा रेग्युलेटरमध्ये शोधावा.

किती गॅस उरला हे वजनावरूनच कळते. रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावर लिहिलेले असते. ते समजा १५.३ किलो असेल आणि काट्यावर टाकी २१.३ किलो भरली, तर मूळच्या १४.२ किलोपैकी सहा किलो गॅस शिल्लक आहे.